मिलिसेकंदांची कारागिरी

पॅरिसच्या दक्षिणेला शातने-मालाब्री नावाचे उपनगर आहे. तिथल्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेतून १९८९ साली हातेम फेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातली कृती इतकी साधी होती की बी. फार्म.चा विद्यार्थी आजही ती एका दुपारी करून पाहू शकतो. पॉलिमर आणि औषध अॅसिटोनमध्ये विरघळवायचे. दुसऱ्या भांड्यात पाणी घ्यायचे आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात थोडे सर्फॅक्टंट घालायचे. पाणी ढवळत ठेवून त्यात अॅसिटोनचे द्रावण ओतायचे. अॅसिटोन पाण्यात लगेच मिसळून जाते. पॉलिमरला पाणी मानवत नाही, त्यामुळे तो औषधासह बारीक बारीक गोळ्यांच्या रूपात बाहेर पडतो. पारदर्शक पाण्याला निळसर दुधाळ झाक येते. मग कमी दाबाखाली अॅसिटोन उडवून लावले की पाण्यात तरंगणारे नॅनोकण हाती राहतात. एकेक कण साधारण २०० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या काहीशेव्या हिश्शाइतका.

प्रयोगशाळेत हे जमले. पण औषध रुग्णापर्यंत पोचवायचे तर ते किलोने बनवावे लागते, आणि प्रत्येक वेळी हुबेहूब तसेच बनवावे लागते. घोडे तिथेच अडले. चंचुपात्रात चुंबकी ढवळणीने साधलेली कृती मोठ्या टाकीत करायला घेतली की कण बिघडत. टाकीत पंख्याच्या पात्यांजवळ द्रव जोरात घुसळला जातो, कडेला आणि तळाशी तो मंद फिरतो. जिथे मिश्रण झटकन होते तिथे कण लहान आणि सारखे बनतात; जिथे रेंगाळते तिथे ते वाढत राहतात, एकमेकांना चिकटतात, तळाशी गाळ होऊन बसतात. ओतण्याचा वेग, नळीचे तोंड कुठे धरले, टाकी किती भरली, अशा प्रत्येक गोष्टीचा परिणाम कणावर उमटतो. तारापूर, तळोजा किंवा कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत उमेदवारी केलेल्या इंजिनिअरला हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. लॅबमध्ये सुरेख आलेली प्रक्रिया प्लांटवर गेली की बॅच फेल जाते, हा त्याचा नेहमीचा अनुभव असतो.

इतर रसायनांत थोडा फरक खपतो. नॅनोकणांत आकार हाच औषधाचा स्वभाव ठरवतो. फार लहान कण मूत्रपिंडातून गळून जातात. फार मोठे प्लीहा आणि यकृतात अडकतात. १९८६ साली जपानमधल्या कुमामोतो येथे हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी दाखवले की कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या आणि फटींच्या असतात. मधल्या आकाराचे रेणू आणि कण त्या फटींतून आत झिरपतात आणि तिथेच साचून राहतात. कर्करोगावरच्या नॅनोऔषधांची सारी आशा पुढे बराच काळ या निरीक्षणावर उभी होती. शिवाय कारखान्याची स्वतःची एक अट असते. शिरेतून द्यायचे औषध निर्जंतुक हवे. हे पॉलिमर उष्णतेने मऊ पडतात, म्हणून ते उकळून किंवा वाफेखाली ठेवून निर्जंतुक करता येत नाहीत. उरतो एकच सरळ मार्ग, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणे. ०.२२ मायक्रॉन म्हणजे २२० नॅनोमीटर. बॅचमध्ये थोडे जरी मोठे कण असले तरी फिल्टर तुंबतो आणि महागडे औषध त्याच्या अलीकडेच राहते.

या गोष्टीची मुळे फेसींच्या आधीची आहेत. रोगावर नेमकी जाऊन बसेल आणि बाकीच्या शरीराला धक्का लावणार नाही अशा औषधाची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी मांडली होती. ती प्रत्यक्षात आणायला औषध कशात तरी भरून पाठवावे लागेल, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस झ्युरिकमधल्या पेटर श्पायझर यांनी ओळखले. तिथल्या तंत्रविद्यापीठात त्यांनी पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण बनवायला घेतले. सुरुवातीचे लक्ष्य लस हे होते. त्यांचे विद्यार्थी यॉर्ग क्रॉयटर यांनी १९७६ च्या सुमारास अॅक्रिलिकच्या कणांवर इन्फ्लुएन्झाची लस बसवून पाहिली. पण अॅक्रिलिक शरीरात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून १९७९ साली पात्रिक कुव्हरर यांनी श्पायझर यांच्यासह सायनोअॅक्रिलेट वापरले. झटपट चिकटणाऱ्या डिंकाच्या जातीचे हे रसायन शस्त्रक्रियेत जखमेची कड जोडायलाही वापरतात आणि ते शरीरात हळूहळू मोडते. कुव्हरर यांनी पुढे चार दशके हा धागा सोडला नाही. त्या कणांत डॉक्सोरुबिसिन भरून यकृताच्या कर्करोगावरचे औषध तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेले. २०१७ साली निकाल आला. रुग्णांचे आयुष्य नेहमीच्या उपचारापेक्षा वाढले नव्हते.

शरीरात निर्धोकपणे मोडणारा पॉलिमर शल्यचिकित्सकांनी आधीच हाताळलेला होता. टाके काढायला परत यावे लागू नये म्हणून १९७० च्या सुमारास ग्लायकॉलिक आम्लाच्या पॉलिमरचा दोरा बाजारात आला, आणि १९७४ साली ग्लायकॉलिक व लॅक्टिक आम्लांच्या जोडीचा व्हिक्रिल. आपल्याकडच्या कोणत्याही ऑपरेशन थिएटरमध्ये हे नाव ऐकायला मिळते. हे पॉलिमर पाण्याच्या संपर्कात तुटत जातात आणि शेवटी लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्ल उरते, जे शरीर स्वतःच पचवते. पीएलजीए या चार अक्षरांनी ओळखला जाणारा हा पदार्थ औषधवाहक म्हणून पुढे आला तो असा, विरघळणाऱ्या टाक्यांच्या मागोमाग. माणसाच्या शरीरात तो आधीच कोट्यवधी वेळा जाऊन आलेला असल्याने त्याच्या सुरक्षिततेविषयी नव्याने झगडावे लागले नाही.

१९७४ साली रॉबर्ट लँगर नावाचा तरुण रसायन-अभियंता बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात जूडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. बरोबरीचे बहुतेक जण तेलकंपन्यांत जात होते. फोकमन गाठींना रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या रोखण्याच्या मागे होते, आणि त्यासाठी प्रथिनांचे मोठे रेणू हळूहळू सोडणारा पॉलिमर हवा होता. एवढे मोठे रेणू घट्ट पॉलिमरमधून बाहेर येऊच शकणार नाहीत असा तेव्हाचा ठाम समज होता. १९७६ साली 'नेचर'मध्ये लँगर आणि फोकमन यांनी तो खोटा ठरवला. त्यानंतरही लँगर यांचे पहिले नऊ अनुदान-अर्ज फेटाळले गेले. अभियंत्याला जीवशास्त्रातले काय कळते, असा सूर होता. अर्ज वाचणाऱ्यांना शोध लावणारा माणूस हवा होता. बनवणारा माणूसही शोध लावतो हे त्यांच्या गावी नव्हते. ही वृत्ती पुढे या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते.

पीएलजीएचे पहिले मोठे व्यापारी यश नॅनो नव्हते. जपानच्या ताकेदा कंपनीने प्रोस्टेटच्या कर्करोगावरचे ल्युप्रोलाइड हे औषध पीएलजीएच्या सूक्ष्मगोलांत भरले. रोज टोचावे लागणारे औषध महिन्यातून एकदा पुरू लागले. ल्युप्रॉन डेपो या नावाने १९८९ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. हे गोल नॅनोकणांच्या मानाने प्रचंड, मायक्रॉनमध्ये मोजायचे. स्नायूत किंवा त्वचेखाली टोचून तिथेच राहायचे. रक्तातून फिरत गाठीपर्यंत जाणारे कण हवेत तर ते शेकडो पटींनी लहान हवेत आणि रक्तातल्या पहारेकरी पेशींना दिसता कामा नयेत. ही दुसरी अट १९९४ साली सुटली. रुक्सांद्रा ग्रेफ, लँगर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये पीएलजीएच्या कणांवर पॉलिइथिलिन ग्लायकॉलचे, म्हणजे पेगचे, केसाळ आवरण चढवून दाखवले. पाणी धरून ठेवणारे हे आवरण प्रथिनांना चिकटू देत नाही, त्यामुळे कण रक्तात कितीतरी जास्त वेळ फिरत राहतो. कागदावर सगळे जुळून आले होते. मोडणारा गाभा, लपवणारे आवरण, आत औषध.

एवढे असूनही पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निघालेल्या हजारो शोधनिबंधांतून बाजारात आली ती औषधे बोटांवर मोजण्याजोगी. त्यांतली दोन आशियातली. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचे औषध पाण्यात विरघळत नाही. ते शिरेतून देण्यासाठी एरंडेलापासून बनवलेल्या क्रेमोफोर नावाच्या द्रावकात घालतात, आणि त्या द्रावकाची तीव्र अॅलर्जी येऊ शकते म्हणून रुग्णाला आधी स्टेरॉइड द्यावे लागते. कोरियाच्या सामयांग कंपनीने पेग आणि पॉलिलॅक्टिक आम्ल यांच्या जोडपॉलिमरने क्रेमोफोरला रजा दिली. त्या जेनेक्सॉल-पीएमला २००७ मध्ये कोरियात मंजुरी मिळाली. भारतात जवळपास त्याच सुमारास डाबरने नॅनॉक्सेल आणले. त्याच्या मुळाशी दिल्ली विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ अमरनाथ मैत्रा यांचे पॉलिमर-नॅनोकणांवरचे काम होते. भारतीय प्रयोगशाळेतला नॅनोकण भारतीय कारखान्यात बनून भारतीय रुग्णाला टोचला गेला, ही घटना आपल्या विज्ञानाच्या इतिहासात जेवढी नोंदली जायला हवी तेवढी नोंदली गेलेली नाही. २००८ साली डाबरचा कर्करोग-औषधांचा व्यवसाय जर्मनीच्या फ्रेझेनियस काबीकडे गेला.

बनवण्याचा प्रश्न सर्वांत पद्धतशीरपणे हाती घेतला तो बॉस्टन परिसरातल्या एका नव्या कंपनीने. लँगर यांच्याकडे काम केलेले डॉक्टर ओमिद फारोखजाद यांनी २००६ साली डोसिटॅक्सेल हे कर्करोगाचे औषध भरलेल्या कणांवर प्रोस्टेटच्या कर्करोगपेशी ओळखणारा आरएनएचा तुकडा, अॅप्टामर, चिकटवून उंदरांमधल्या गाठी मागे हटवल्या. त्याच सुमारास बाइंड बायोसायन्सेस ही कंपनी उभी राहिली. उंदरांसाठी वापरलेला कण मात्र कारखान्यात नेण्याजोगा नव्हता. त्यात आधी कण बनवायचा, मग त्याच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रियेने अॅप्टामर जोडायचा, न जोडलेला धुऊन काढायचा, अशा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीला थोडा फरक पडे आणि शेवटी दोन बॅचेस सारख्या येत नसत.

उपाय निघाला तो क्रम उलटा करून. ओळखणारा रेणू आधीच पॉलिमरच्या साखळीच्या टोकाला बसवायचा. मग साधा पॉलिमर, पेगचा जोडपॉलिमर आणि हा खुणेचा पॉलिमर ठरलेल्या प्रमाणात एकत्र घेऊन एकाच झटक्यात कण तयार होऊ द्यायचा. कणाच्या पृष्ठभागावर किती खुणा असाव्यात हे आता वजनकाट्यावर ठरवता येऊ लागले. महागडा अॅप्टामर गेला, त्याच्या जागी एक छोटा रेणू आला. बाइंडच्या शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक मिश्रणे करून पाहिली. पॉलिमरची लांबी, पेगचे प्रमाण, खुणांची दाटी हे सगळे बदलत बदलत सुमारे १०० नॅनोमीटरचा एक कण निवडला. प्रक्रियाही कारखान्याच्या हिशेबाने बेतली होती. औषध-पॉलिमरच्या द्रावणाचे पाण्यात जाडसर पायस (इमल्शन) करायचे, उच्च दाबाच्या होमोजिनायझरमधून ते दाबून बारीक करायचे, थंड पाण्यात सोडून कण घट्ट करायचे, द्रावक आणि सुटे औषध गाळून काढायचे, निर्जंतुक फिल्टरमधून न्यायचे आणि साखरेच्या साथीने गोठवून ठेवायचे. २०११ च्या जानेवारीत पहिल्या रुग्णाला हा कण टोचला गेला. २०१२ मध्ये त्याचा सविस्तर निबंध आला. माझ्या मते नॅनोऔषधांच्या साहित्यात इतका प्रामाणिकपणे कारखान्याचा विचार करणारा निबंध त्याआधी नव्हता.

२०१३ मध्ये बाइंडने शेअर बाजारातून सुमारे ७ कोटी डॉलर उभे केले. त्यानंतर आलेले चाचण्यांचे निकाल मात्र निराश करणारे होते. गर्भाशयमुखाच्या आणि डोके-मानेच्या कर्करोगांत कणाने अपेक्षित काम केले नाही. कर्ज देणाऱ्याने पैसे परत मागितले आणि २०१६ च्या मे महिन्यात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. लिलावात फायझरने तिची मालमत्ता सुमारे ४ कोटी डॉलरला घेतली. बाइंडच्या अपयशाकडे बोट दाखवून नॅनोऔषधे हा फुगा होता असे म्हणणारे पुष्कळ निघाले. मला ते पटत नाही. माणसातल्या गाठी उंदरातल्या गाठींसारख्या फटींच्या नसतात, हे त्या चाचण्यांनी शिकवले. पॉलिमरचा कण माणसासाठी पुन्हा पुन्हा एकसारखा बनवता येतो, हेही त्यांनीच सिद्ध केले, आणि ते कायमचे उरले.

त्याच काळात मिश्रणाच्या प्रश्नाला दोन वेगळ्या दिशांनी भिडण्याचे प्रयत्न चालू होते. नॉर्थ कॅरोलायनात जोसेफ डीसिमोन यांनी कण आपोआप तयार होऊ देण्याऐवजी साच्यात पाडायचे ठरवले. संगणकाच्या चिप बनवताना वापरतात तशा तंत्राने नॅनोआकाराचे साचे आणि साच्यांची लांबलचक फिल्म. एमआयटीत मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी रोहित कर्णिक यांनी २००८ साली सहकाऱ्यांबरोबर केसाएवढ्या अरुंद वाहिन्यांत पॉलिमरचे द्रावण दोन्ही बाजूंनी पाण्याच्या धारांत दाबून धरले. धार इतकी बारीक होते की मिश्रण मिलिसेकंदांत पुरे होते, आणि कण भांड्यातल्या कणांपेक्षा लहान व जास्त सारखे येतात. तोटा एकच, अशा एका वाहिनीतून दिवसभरात निघणारे औषध अगदी थोडे.

निर्णायक काम झाले न्यू जर्सीत, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रसायन-अभियांत्रिकी विभागात. रॉबर्ट प्रुडहोम हे पॉलिमर आणि प्रवाह यांचे अभ्यासक. त्यांनी आणि ब्रायन जॉन्सन यांनी प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडला. कण बनताना दोन घड्याळे चालू असतात. एक मिश्रणाचे: द्रावक आणि पाणी एकजीव व्हायला किती वेळ लागतो. दुसरे कणांचे: औषध बाहेर पडून त्याभोवती पॉलिमर गोळा व्हायला किती वेळ लागतो. मोठ्या टाकीत पहिले घड्याळ हळू चालते, म्हणून कण अर्धवट मिसळलेल्या द्रवात बनतात आणि ज्याला जसे पाणी मिळाले तसा तो वाढतो. पहिले घड्याळ दुसऱ्यापेक्षा वेगवान केले तर? मग प्रत्येक कण आधीच पूर्ण मिसळलेल्या द्रवात जन्माला येईल आणि ओतणाऱ्याचा हात, पंख्याचा वेग, भांड्याचा आकार यांतल्या कशाचाही त्याच्यावर परिणाम होणार नाही.

त्यासाठी त्यांनी एक जुने यंत्र घेतले. दोन बारीक धारा समोरासमोर वेगाने आदळवण्याची पद्धत मोटारींचे पॉलियुरेथेनचे भाग ओतणाऱ्या उद्योगात रुळलेली होती; औषधाचे बारीक स्फटिक पाडायलाही मर्क कंपनीने ती वापरली होती. जॉन्सन आणि प्रुडहोम यांनी काही मिलिमीटरच्या बंदिस्त पोकळीत एका बाजूने द्रावकातले औषध व जोडपॉलिमर आणि दुसऱ्या बाजूने पाणी आदळवले. धारांचा वेग वाढवत नेला तसे कण लहान होत गेले, आणि एका वेगानंतर त्यांचा आकार बदलेनासा झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतला हा सपाट भाग मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची रेषा वाटते. त्या वेगापलीकडे मिश्रण कणांच्या जन्माआधीच पुरे झालेले असते. तिथे चालणारे यंत्र सकाळी आणि संध्याकाळी, प्रिन्स्टनमध्ये आणि पुण्यात, सारखेच कण देते. या पद्धतीला त्यांनी फ्लॅश नॅनोप्रिसिपिटेशन म्हटले.

पहिल्या यंत्राला एक मर्यादा होती. दोन्ही धारांचा जोर सारखा लागे, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या मिश्रणात निम्मे द्रावकच असे आणि कण पुन्हा विरघळू नयेत म्हणून ते ताबडतोब जास्त पाण्यात सोडावे लागे. २००८ मध्ये त्यांनी चार तोंडांचा भोवरा-मिक्सर मांडला. चार धारा गोल पोकळीत कडेने शिरतात, गरगर फिरत मधे येतात आणि खालून बाहेर पडतात. आता द्रावक थोडे आणि पाणी पुष्कळ, असे प्रमाण हवे तसे ठेवता आले. आणखी औषध हवे असेल तर टाकी मोठी करायची नाही. पंप जास्त वेळ चालू ठेवायचा, किंवा त्याच मापाचा आणखी एक मिक्सर शेजारी बसवायचा. बॅचऐवजी अखंड प्रवाह. औषधउद्योगाला हे पचायला वेळ लागला, कारण त्याची सगळी कागदपत्रे, तपासण्या आणि सवयी बॅचभोवती विणलेल्या आहेत.

प्रुडहोम यांच्या कामातला आणखी एक भाग आपल्याला जवळचा आहे. गेट्स फाउंडेशनच्या मदतीने त्यांनी गरीब देशांतल्या आजारांवरची, पाण्यात न विरघळणारी औषधे घेतली. मलेरियावरचे ल्युमेफँट्रिन हे एक. दुसरे क्लोफाझिमिन. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारातली, त्वचेला तांबूस-काळी छटा आणणारी कॅप्सूल महाराष्ट्रातल्या आरोग्यसेवकांनी वर्षानुवर्षे वाटली आहे; तेच हे औषध. इथे महाग जोडपॉलिमर परवडणारे नव्हते. म्हणून सेल्युलोजपासून बनवलेला, गोळ्यांच्या आवरणात नेहमी वापरला जाणारा पदार्थ, लेसिथिन आणि मक्यातले झीन हे प्रथिन वापरून कण बनवले आणि ते फवारून सुकवून भुकटी केली. औषध स्वस्त ठेवायचे असेल तर त्याची सुरुवात कच्च्या मालाच्या निवडीपासूनच व्हावी लागते, हे त्यांनी प्रयोगशाळेतच मनावर घेतले होते.

बनवण्याचे ज्ञान थोड्या हातांत असले की काय होते, ते २०११ साली अमेरिकेने पाहिले. डॉक्सिल हे १९९५ पासूनचे नॅनोऔषध. त्यातला कण मेदाचा, पण त्यावरचे आवरण पेग या पॉलिमरचेच. ते ओहायोतल्या बेडफर्ड इथल्या एकाच कंत्राटी कारखान्यात बनत असे. तिथले उत्पादन थांबले आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांना प्रतीक्षायादीत नाव घालून थांबावे लागले. औषधाचे पेटंट, रेणूची रचना, वैद्यकीय पुरावा हे सगळे जगाला ठाऊक होते. तो कण हुबेहूब बनवणारा दुसरा कारखाना अमेरिकेत तयार नव्हता. २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लायपोडॉक्स तात्पुरते आयात करायला परवानगी दिली. पुढच्या वर्षी सनच्या जेनेरिकला रीतसर मंजुरी मिळाली. डॉक्सिलचे अमेरिकेतले पहिले जेनेरिक भारतीय कंपनीकडून यावे यात योगायोग कमी आहे आणि कारखान्यातल्या माणसांचे कसब जास्त.

मग २०२० उजाडले आणि कोविडची साथ आली. एमआरएनए लस शरीरात पोचवायला मेदाचे नॅनोकण लागतात. हे कण पॉलिमरचे नाहीत, पण बनतात त्याच नियमाने: मेद अल्कोहोलमध्ये, एमआरएनए आम्लधर्मी पाण्यात, दोन्ही मिलिसेकंदांत एकजीव, आणि सुमारे १०० नॅनोमीटरचा कण तयार. टी-आकाराच्या जोडात दोन धारा मिसळण्याचे तंत्र व्हँकुव्हरच्या शास्त्रज्ञांनी आधीच विकसित केले होते, आणि २०१८ साली मंजूर झालेले ऑनपॅट्रो हे दुर्मिळ आजारावरचे औषध मेदाच्या अशाच कणांत भरलेले होते. पण ते मोजक्या रुग्णांपुरते. आता मात्रा अब्जावधी हव्या होत्या आणि हाताशी महिने होते.

मिशिगनमधल्या कलामाझू इथल्या फायझरच्या कारखान्यात मिक्सर मोठा केला गेला नाही. समोरासमोर धारा आदळवणारा नाण्याएवढा मिक्सर तसाच ठेवून तसेच अनेक शेजारीशेजारी जोडले, आणि प्रत्येकात जाणारा प्रवाह संगणकाने काटेकोर ठेवला. पंप आणि मिक्सरची अशी यंत्रणा पुरवणाऱ्यांत बर्लिनची क्नाउअर ही मध्यम आकाराची कंपनी होती, जिचा मूळ धंदा प्रयोगशाळांसाठी पृथक्करणाची उपकरणे बनवण्याचा. मिक्सर मोठा केला असता तर कणांचे गुण बदलले असते, आणि बदललेला कण चाचणीतल्या कणासारखाच आहे हे सिद्ध करायला वेळ उरला नसता. २०२१ च्या एका वर्षात फायझर आणि बायोएनटेक यांच्या जोडीने सुमारे ३ अब्ज मात्रा बनवल्या. पॉलिमरच्या कणांसाठी धडपडणाऱ्या अभियंत्यांनी वीस वर्षांपूर्वी शोधलेला नियम, मिसळणे आधी पुरे करा आणि पात्र लहानच ठेवा, इथे कामाला आला.

लशीच्या यशानंतर एमआरएनएच्या शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले, आणि ते योग्यच होते. पण मिश्रणाच्या विज्ञानाला आपल्याकडेही दुय्यम समजले जाऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण त्याची परंपरा आपल्या दारात आहे. माटुंग्याच्या यूडीसीटीत, आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. मनमोहन शर्मा आणि प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी द्रव आणि वायू एकमेकांत कसे मिसळतात, टाकीत पंखा फिरताना नेमके काय घडते, याचा अभ्यास अनेक दशके केला आणि जगाने तो मान्य केला. औषधे स्वस्तात आणि भरवशाने बनवण्याचा अनुभव आपल्या कारखान्यांकडे आहे. नॅनोकणांवर संशोधन करणारे शेकडो विद्यार्थी आपल्या फार्मसी महाविद्यालयांत आहेत. ही तिन्ही प्रकारची माणसे एका टेबलाशी क्वचितच बसतात.

म्हणून प्राध्यापकांना आणि अनुदान देणाऱ्या संस्थांना एक विनंती आहे. नॅनोकणांवरचा कोणताही प्रबंध किंवा प्रकल्प मंजूर करण्याआधी विद्यार्थ्याला विचारा की हा कण एक किलो कसा बनवणार, किती खर्चात, आणि दहाव्या बॅचचा कण पहिल्या बॅचसारखाच असेल हे कसे दाखवणार. आणि उत्तर प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच लिहून मागा.